फितीआड मावळलेला धूमकेतू

२०२३ सालच्या मार्चमधली ही गोष्ट, आमच्या उदगीरची. आठवली की अजून डोकं तापतं.

लुबना माझी जुनी विद्यार्थिनी. इथल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर भौतिकशास्त्र शिकवायची आणि एक हरवलेला धूमकेतू शोधायची. शंभरेक वर्षांपूर्वी तो दोनदा दिसला होता. पुढे गुरू ग्रहाच्या ओढीनं त्याची वाट बदलली आणि तो शास्त्रज्ञांच्या हातून सुटला. त्या दिवशी ती धावतच माझ्या घरी आली. कॉलेजच्या दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत एक अंधूक ठिपका सापडला होता.

"बाई, तोच असंल! पण एका फोटोवर कुणी मानत न्हाई. उद्या परत टिपायला पाहिजे. सूर्य बुडाला की थोडाच वेळ दिसतो, मग मावळतो."

संस्थेचे सचिव संगमेश्वरअप्पा यांनाही तिनं विश्वासानं सांगितलं. झालं! दुसऱ्या दिवशी गच्चीवर खुर्च्या, माईक, अप्पांच्या फोटोचा फ्लेक्स. दुर्बिणीला लाल फीत. नांदेडचे पुढारी अमृतराव ती कापणार, मगच कुणी डोळा लावायचा.

सूर्य बुडाला. पाहुणे देवणीला बैलांच्या प्रदर्शनात अडकलेले.

"अप्पा, तो खाली चाललाय," लुबना रडकुंडीला आली.

"शंभर वर्षं हरवला होता ना? मग अर्ध्या तासानं काय बिघडतंय? पाहुण्यांचा मान हाय."

"तो काय तुमचा शिपाई हाय थांबायला?" मी उठलेच. "शहाऐंशी साली हॅलेचा धूमकेतू मी भल्या पहाटे पोरींना मैदानात दाखवला. कुणाच्या हस्ते उगवला नव्हता तो!"

"शिवकांताबाई, बसा. तुमच्यासाठीबी शाल आणलीय."

लोक हसले. मी सरळ जाऊन फीत तोडली. लुबनानं घाईघाईनं दुर्बीण वळवली, पण फोटोत क्षितिजावरची धूळ तेवढी आली. अमृतराव आले तेव्हा अप्पांनी दुसरी फीत बांधून घेतली, आणि पाहुण्यांनी ती रिकाम्या आभाळाखाली टाळ्यांच्या गजरात कापली.

दुसऱ्या दिवसापासून अवकाळीचे ढग आले. ते हटेपर्यंत धूमकेतू सूर्याच्या उजेडात गेला होता. शास्त्रज्ञांच्या लेखी तो अजून हरवलेलाच आहे.

अप्पा आता संस्थेचे अध्यक्ष आहेत. अमृतरावांचा दुर्बिणीला डोळा लावलेला फोटो कॉलेजच्या दारात टांगलाय. लुबनाला त्या जूनपासून तासिका मिळाल्या नाहीत. ती नांदेडला एका शाळेत शिकवते. तिथे दुर्बीण नाही. मला कॉलेजची निमंत्रणं येत नाहीत. आली तरी मी जायची नाही.