बाळंतिणींच्या दवाखान्याची किल्ली

"आक्का, राग मानू नका, पन उद्या कुलूप तुमी काढू नका," दगडाबाई एकदाची म्हणाली, आणि ओसरीवर बसलेल्या बाकीच्या बायका आपापल्या पायांच्या बोटांकडे बघू लागल्या.

मुक्ताबाई चुलीवरून चहा उतरवत होत्या. बायका एवढ्या घोळक्यानं आल्या त्या उद्या दवाखाना उघडणार या आनंदानं आल्या, असं त्यांना वाटलं होतं. दवाखान्याची किल्ली सकाळीच गवंड्यानं त्यांच्या हातात दिली होती आणि ती त्यांच्या कमरेला होती.

"का गं? माझे हात काय शेणाचे हायेत?"

"तसं न्हाई. पोटुशी बायांची जागा ती. पयला हात सवाष्णीचा लागावा. भीमाबाईनं काढावं कुलूप, असं समद्यांचं म्हननं पडलं."

भीमाबाई म्हणजे आबासाहेबांची बायको. आणि आबासाहेब म्हणजे जिल्हा लोकल बोर्डाचे तेच सभासद, ज्यांनी या दवाखान्याला चार वर्षं दर सभेत खो घातला होता.

"आगं पन भांडलं कोन यासाठी?"

"तुमीच की! म्हनून तर आमी सोता आलो. दुसऱ्या कुनी सांगितलं असतं तर तुमाला वाईट नसतं का वाटलं?"

मुक्ताबाईंनी कपांत चहा ओतला.

त्यांचा नवरा कानिफनाथ बोर्डाचा सभासद होता. बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेला आणि सुटून आला तो ताप घेऊनच. तो गेल्यावर त्याच्या रिकाम्या जागेवर पक्षानं मुक्ताबाईंना उभं केलं. बाई निवडून येईल, कोपऱ्यात बसेल आणि सांगू तेव्हा हात वर करेल, असा सगळ्यांचा हिशेब होता. पहिल्याच सभेत नगरला त्यांची खुर्ची खिडकीपाशी, जरा अंतरावर मांडलेली होती. सकाळी सकाळी पांढरं कपाळ समोर नको म्हणून ती तशी मांडली होती, हे त्यांना पुढं कळलं. कळल्यावरही त्या तिथंच बसल्या. बसायला मिळालं ना, मग कुठं का असेना.

पण हात त्या आपल्याच मनानं वर करू लागल्या. नदीकाठच्या पंधरा-वीस गावांत बाळंतिणीला दवाखाना नाही, एवढं एकच त्यांचं मागणं. आबासाहेब उठून म्हणायचे, "आता बाळंतपनं बी बोर्डानं करायची का? आमच्या आया काय खाटंवर बाळंत झाल्या व्हत्या?" सभा पोट धरून हसायची. मुक्ताबाई हसणं संपेपर्यंत थांबायच्या आणि पुन्हा हात वर करायच्या. त्यांची एकुलती एक लेक, साळू, बाळंतपणात अडली म्हणून बैलगाडीतून नगरला नेताना राहुरीच्या पुढं वाटेतच दगावली होती. पोटातलं मूल पोटातच राहिलं. हे त्यांनी सभेत कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसणारे गप्प झाले असते, पण साळूचं नाव त्या लोकांसमोर काढायचं त्यांना जिवावर यायचं.

शेवटी वारं फिरलं. स्वातंत्र्य आलं, निवडणुका पुढं दिसू लागल्या, आणि आबासाहेबांनाही बाळंतिणींचा कळवळा आला. दवाखाना मंजूर झाला.

"आन मी कुलूप काढलंच तर?" मुक्ताबाईंनी विचारलं.

दगडाबाईनं कप खाली ठेवला. "माझी सून दिवसांत आली हाय, आक्का. पयलटकरीन हाय. तुमी काढलं तर मी तिला घरीच बाळंत करीन. ह्या समद्या बी तेच करतील. लई वंगाळ वाटतं बोलाया, पन हाय ते हाय."

आबासाहेबांना तोंड देता येत होतं. ते वैरी होते. दगडाबाई वैरी नव्हती. तिच्यापुढं मुक्ताबाईंचं काही चालेना. त्यांनी कमरेची किल्ली काढली आणि दगडाबाईच्या ओंजळीत ठेवली.

"भीमाबाईला म्हनावं, कुलूप नवं हाय. जरा दाबून फिरव."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढं मांडव पडला. बोर्डाचे अध्यक्षसाहेब नगरहून मोटारीनं आले. मुक्ताबाईंची खुर्ची होती, अगदी कडेला. भीमाबाई हिरवं लुगडं नेसून दाराशी उभी राहिली तशा त्या उठल्या आणि इमारतीला वळसा घालून मागं विहिरीपाशी जाऊन बसल्या.

मागचं दार उघडंच होतं. दोन दिवसांपासून गवंडी, खाटा आणणारे हमाल, सगळे त्यातूनच जात-येत होते. त्यांतल्या कुणाला कुणी सवाष्ण-विधवा विचारलं नव्हतं.

त्या दारातून नवी नर्स डोकावली. विजया तिचं नाव, पुण्याहून आलेली, गावात कुणाला ओळखत नव्हती.

"अहो बाई, पाणी भरायला तुम्हालाच ठेवलंय ना? एक हंडा आत आणून ठेवा, खाटेजवळ. केव्हा गरज लागेल सांगता येत नाही."

मुक्ताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मी बोर्डाची सभासद आहे, हे ओठांवर आलं होतं. "आनते की," त्या म्हणाल्या.

हंडा भरून कमरेवर घेऊन त्या दारापाशी आल्या. आत पांढरी खाट होती, तिच्यावर स्वच्छ चादर होती. अशीच खाट त्या चार वर्षं डोळ्यांपुढं आणत आल्या होत्या. पुढून अध्यक्षांचा आवाज येत होता, "आबासाहेबांच्या अथक प्रयत्नांमुळे…" कुलूप अजून निघालं नव्हतं. इकडं बघायला कुणी नव्हतं. मुक्ताबाईंनी उजवा पाय उचलला.

आणि त्यांना दगडाबाईची सून आठवली. कोवळी पोर, साळूच्याच वयाची. तिचं काही बरंवाईट झालं तर? गाव बोलेल, याचं भय नव्हतं. आपलंच मन आपल्याला काय म्हणेल, याचं होतं. या भीतीला चार वर्षं त्या अडाणीपणा म्हणत आल्या होत्या, आणि ती त्यांच्याही पोटात होतीच. त्यांना स्वतःची फार लाज वाटली. तरी पाय पुढं पडेना.

त्यांनी हंडा उंबऱ्याबाहेर ठेवला.

"बाई, हितनं तुमी घ्या आत."

"का हो?"

"पाय मातीचे हायेत माझे."

नर्सनं हंडा ओढत आत घेतला. पुढच्या बाजूला टाळ्या वाजल्या. उंबऱ्यावर पाणी सांडलं होतं. मुक्ताबाईंनी बाहेरूनच वाकून ते पदरानं टिपलं, आणि दुसरा हंडा घेऊन त्या विहिरीकडे गेल्या.