माह्या पोटाले काच लावली

मी कोठी बोलून राहिली. दाणे ठेवायची कोठी. जस्ती पत्र्याची, पोटानं गोल, कमरेएवढी उंच. सध्या अकोल्याच्या एका मिशनच्या शाळेत, खेळाच्या सामानाच्या खोलीत पडली आहे. शाळेचं नाव नाही सांगत. नाव सांगतलं की लोक शाळेकडे पायतात आन माहं राहून जाते. आज माहं ऐका. मले राग आला आहे, आन तो आजचा नाही.

माहा जन्म जुन्या शहरातला, मुनव्वरभाईच्या दुकानातला. दिवसभर ठोकठोक. शेजारचा पानवाला म्हणे, "मुनव्वरभाई, आमचे कान गेले ना बा!" मुनव्वरभाई म्हणे, "बरं झालं. रेडिओवरच्या बातम्या तरी ऐका लागणार नाहीत." माहा सांधा न सांधा त्यानं हातानं दुमडला, लाकडी हातोडीनं बसवला. काम करता करता माह्याशी बोले. "कोठी भरते सालातून एकदा," तो म्हणे, "पण झाकण रोज उघडते. काढायसाठीच भरते नं, बाप्पा!"

मी होती तेल्हाऱ्याकडच्या एका नवरीच्या आंदणाची. त्या साली कापसाचा भाव असा बसला की लग्न पुढं गेलं. पुढचं साल आलं, अजून पुढं गेलं. मले न्यायले कोणी आलंच नाही. आन मी काही एकटी नोती. दुकानात आमी कोठ्या रांगेनं उभ्या, धूळ खात. ज्वारी काढून काढून सगळ्यानं कापूसच पेरला होता. आता कास्तकारच दुकानातून किलो-किलोनं गहू नेऊन राहिला. पिशवीतल्या दाण्याले कोठी कायले पाहिजे? कास्तकारासाठी सभा झाल्या, पुढारी आले, पेपरं भरले. कोठ्या बनवणाऱ्याचं नाव कोण्या पेपरात आलं, सांगा बरं? त्याच्या घरी चूल नाही का?

मंग एक दिवस या मिशनच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, सिस्टर अगाथा, दुकानात आल्या. वसईकडच्या, म्हाताऱ्या, पायात कॅनव्हासचे बूट. मले बोटानं वाजवून पायलं आन म्हणाल्या, "झाकणाला मुठीएवढं भोक पाडून द्या. आत काय आहे ते बाहेरून दिसता कामा नये."

"म्हणजे आंधळी ठेवू म्हणता कोठीले?" मुनव्वरभाई हसला.

"हो. आंधळीच."

त्यानं भोक पाडलं, आन काठ आतून असा दुमडला की लेकराच्या मनगटाले ओरखडा येऊ नये. काहून की त्याची स्वतःची पोरगी, जेबा, त्याच शाळेत चौथीत होती.

शाळेच्या व्हरांड्यात मले उभं केलं. दर शुक्रवारी पोट्टे घरून मूठभर दाणे आणत. शुक्रवार सिस्टरच्या उपासाचा, जेबाच्या घरी जुम्म्याचा, जेबाच्या वर्गातल्या अदितीच्या आईचा देवीचा. भांडाले काही जागाच नोती. सिस्टरचा कायदा एकच. मूठ बांधून हात आत घालायचा, मूठ बांधूनच बाहेर काढायचा. पहिल्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्या उभ्या राहिल्या आन साऱ्या शाळेले सांगतलं, "ज्याच्याकडे आहे त्यानं ठेवा. ज्याला लागतं त्यानं घेऊन जा. बाहेरून दोघे सारखेच दिसतील, आणि विचारायचं कोणी नाही."

बस, एवढंच. परत कधी त्याइनं तो विषय काढला नाही. उरलेलं धान्य महिन्याले अमरावतीकडच्या एका वृद्धाश्रमात जाय. गहू, ज्वारी, तांदूळ, सारी मिसळ. तिथल्या म्हाताऱ्या निवडत बसत.

पण पोट्ट्याइनं मले अजून एक काम लावलं. मधल्या सुट्टीत येत, भोकाले तोंड लावत, आन आत बोलत. आवाज घुमे नं, म्हणून. आधी नुसत्याच आरोळ्या, शिव्या. मंग हळूहळू खरं खरं बोलाले लागले. "बाबा पिऊन आले होते." "मले गणिताच्या सरांची भीती वाटते." "माह्या दादानं शाळा सोडली." मास्तराले न सांगतलेलं, घरी न सांगतलेलं, सारं माह्या पोटात. दाण्याखाली दाबून ठेवलं मी. एक शब्द बाहेर येऊ देल्ला नाही.

जेबा बोलाची तशीच. ती तर मले घरचीच समजे. पत्र्यावर थाप मारून म्हणे, "अब्बानं तुले मस्त बनवलं वं." चौथी, पाचवी, सहावी, सातवी, दर शुक्रवारी तिची मूठ भरलेली. हलीमाबी, तिची आई, पिठाच्या डब्यातून आधी शाळेची मूठ बाजूले काढे, हे तिनंच मले सांगतलं.

आठवीत मूठ रिकामी याले लागली. नववीत ती भरून बाहेर जाऊ लागली.

"घरी सांगतलं, शाळेत वाटून राहिले म्हणून," एक दिवस ती भोकातून बोलली. "अब्बाले खरं समजलं तर जेवणारच नाही तो. कोठ्या तर कोणीच नेत नाही आता. तू कोणाले सांगशील नको हां."

म्या कोणाले सांगू? खांद्यापर्यंत हात घालून ती मूठ भरे, आन मी आतून दाणे तिच्या बोटाखाली सरकवू पाहो. सरकत नसत. पत्र्याचं पोट आहे, काय करणार! पण मले वाटे, हेच तर माहं काम. याच्यासाठीच तर ठोकठोक सोसली.

मंग सिस्टरची बदली झाली, धारणीकडं, जंगलातल्या मिशनवर. नवे मुख्याध्यापक आले, फादर सायमन. आता तुम्ही म्हणाल, फादर दुष्ट होते. नव्हते. भला माणूस होता. पण भला होता म्हणून त्याची आरती ओवाळू का? भल्या माणसाइनंच माहं पोट फाडलं.

त्याइले वाटलं, एवढं चांगलं काम अंधारात काहून? लोकाइले दिसलं पाहिजे, पोट्ट्याइले हुरूप आला पाहिजे. कोण्या वर्गाच्या मुठी जास्त, त्याची फळ्यावर चढाओढ लागली. मंग फादर म्हणाले, कोठीला समोरून काच बसवू. दाणे किती वर आले ते सगळ्यांना दिसेल.

आन काच बसवाले कोणाले बोलावलं? ज्यानं कोठी बनवली त्यालेच. मुनव्वरभाई कात्री, हातोडी घेऊन आला, नवा सदरा घालून. कितीक दिवसानं काम भेटलं होतं. फादरले म्हणाला, "माही पोरगी इथंच शिकते, नववीत. कोठीले काही कमी पडू देणार नाही." कराकरा पत्रा कापला. रबर लावलं, जाड काच बसवली, कपड्यानं पुसली. जेबा जिन्यावर उभी राहून पाहून राहिली होती. तिच्या तोंडाचा रंग उडाला, आन बापाले वाटलं पोरगी कौतुकानं पाहून राहिली. त्यानं हात हालवला. अवं माय! त्या वेळी मले तोंड असतं तर साऱ्या शाळेत बोंब मारली असती मी.

काच लागल्यावर भोकात कोणी बोलंना. बोलणाऱ्याचे हालते ओठ काचेतून दिसत, बाकीचे हसत. माह्या पोटातला आवाजच गेला.

पहिल्या शुक्रवारी जेबानं नुसता हात बुडवून काढला. दुसऱ्या शुक्रवारी रांगेत असताना ती झाकणाशी वाकली आन ओठातल्या ओठात बोलली, "अम्मीनं रिकामा डबा देल्ला. म्हणे, मागच्या खेपेले काहून नाही वाटलं? आज घेऊनच ये." मागं अदिती होती, वकिलाची पोरगी, वर्गाची मॉनिटर. चढाओढीत नववी पहिली याची म्हणून तिचे डोळे काचेवरच.

जेबाचा हात आत आला. मनगट, कोपर, खांदा. काचेतून साऱ्याइले दिसलं की बोटं उघडली नाहीत, मिटली.

"फादर! जेबा काढून राहिली!" अदिती ओरडली. कोणीतरी मागून म्हटलं, "चोर."

फादर आले. "मूठ उघड, बेटा."

तिनं उघडली. फरशीवर ज्वारी सांडली, थोडे गहू. मी पायलं, तिनं मान खाली नाही घातली. आवाज नाही थरथरला.

"चौथीपासून टाकत होती मी," जेबा म्हणाली. "तवा काच नोती."

तठी तीन जुन्या मास्तरणी उभ्या होत्या. पोट्टे तवा लहान होते, पण सिस्टरचं बोलणं या तिघीइनं कानानं ऐकलं होतं. 'ज्याला लागतं त्यानं घेऊन जा.' एकीनं तरी तोंड उघडावं? एक घड्याळ पाहून राहिली, एक साडीचा पदर सारखा करून राहिली, तिसरी पोट्ट्याइले म्हणे, "चला, लाईन सरळ करा." थू त्या लाईनीवर!

फादरचे डोळे मात्र भरून आले. म्हणाले, "अगं, मागायचं होतंस. आपण पोतं दिलं असतं." आन भल्या माणसाले भलीच युक्ती सुचली. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेसमोर तिले पोतं द्यायचं. माइकवर नाव घेतलं, टाळ्या वाजवा म्हणाले. टाळ्या वाजल्या. जेबा आलीच नोती.

तिच्या ऐवजी मुनव्वरभाई आला, शाळा सोडल्याचा दाखला न्यायले. व्हरांड्यात माह्यासमोर उभा राहिला. फादरनं शिपायाकडून पोतं आणवलं, त्याच्या पायाशी ठेवलं.

"हे तुमच्या हक्काचं आहे, भाई. संकोच करू नका."

मुनव्वरभाईनं पोत्याकडं पायलंच नाही. "फादर, माह्या पोरीनं मुठी नेल्या. मूठ गुपचूप जाते. पोतं खांद्यावर न्या लागते, सारा मोहल्ला पायते." मंग माह्या काचेवर पंजा ठेवून म्हणाला, "काच काढून पत्रा लावून देतो. आत्ताच देतो. मजुरी नको."

"येत्या शुक्रवारी पाहुणे येणार आहेत," फादर म्हणाले. "फोटोग्राफर पण. नंतर बघू."

त्यानं काचेवरचा पंजा काढला. मले हळूच म्हणाला, "आंधळी होती तेच बरं होतं तुहं. आंधळीले डोळा म्याच पाडून देल्ला." आन गेला. पोतं तठीच राहिलं.

शुक्रवार आला. मले रिकामी करून धुतलं, काचेले रांगोळी काढल्यासारखी झेंडूची माळ लावली. पाहुण्याइसमोर भरत भरत वर येणारे दाणे दिसले पाहिजेत, असा बेत. खुर्च्यांवर पाहुणे, गुडघ्यावर फोटोग्राफर.

पहिली होती अदिती. मूठ घट्ट बांधलेली. हात आत घातला, मूठ उघडली.

काहीच पडलं नाही.

दुसरी पोरगी आली. काहीच नाही. तिसरा पोट्टा, चौथा. सारी नववी गेली, मंग आठवी, सातवी. बांधलेली मूठ आत, उघडली, रिकामी. पहिलीतले लहाने पाटावर चढून हात घालत आन माह्या पोटात बोटं नाचवून हसत. काचेतून माहं बूड चकचक दिसत होतं. त्या पोट्ट्याइनं मधल्या सुट्टीत कधी ठरवलं, मले माहीत नाही. आता ते माह्यात बोलत नसत नं.

फोटोग्राफर कॅमेरा खाली करून म्हणाला, "फादर, फोटो कायचा काढू?"

फादर लाल झाले. "अदिती, काय आहे हे?"

"जेबाची मूठ पायली नं साऱ्याइनं," अदिती म्हणाली. ती रडून राहिली होती, पण मागं हटली नाही. "आमची पण पाहा."

तुम्ही म्हणाल, मंग तर झालं! पोट्ट्याइनं बरोबर केलं, कोठीचा राग गेला असन. नाही गेला. बरोबर केलं, मान्य. पण एक शुक्रवार उशिरा केलं. जेबा परत आली नाही. कोणी म्हणे नगरपालिकेच्या शाळेत जाते, कोणी म्हणे आईसोबत घरी गोधड्या शिवते. अदितीले म्या अजून माफ केलं नाही. त्या तीन मास्तरणीइले तर कधीच करणार नाही. पाहुणे गेल्यावर फादरनं शुक्रवारच बंद केला. मले उचलून अठी ठेवलं. आता माह्यात फुटके फुटबॉल ठेवतात, आन काचेतून तेही दिसतात.

एकच सांगणं आहे. ही काच काढा. मुनव्वरभाई नसला तर दुसरा कोणी बोलवा, पण काढा. भोक तेवढं ठेवा, लेकराचा हात जाईल एवढं.

आन जेबा कोठं भेटली तर तिले माहा निरोप द्या. चोर म्या नाही म्हटलं, बाई. मी कोठी आहे. माह्यातून काढायचंच असते.