अकरा नंबरचं सावलीचं ताट

अकरा

झाकण ओलं, तर माणूस जिवंत.

घरचं माणूस परमुलखात गेलं की आम्हा जपानी लोकांत रोज त्याच्याही नावाचं ताट वाढतात. तो जिथे असेल तिथे उपाशी राहू नये म्हणून. सुपाच्या वाडग्यावर झाकण ठेवायचं, थोड्या वेळाने उचलायचं. आतून वाफेचे थेंब धरले असतील तर तो ठीक आहे. हे सावलीचं ताट.

बाबा एप्रिलात अलास्काला गेले, मासळी डब्यात भरायच्या कारखान्यात. सिएटलच्या आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष जातात. सप्टेंबरात बोट परत आली. बाबा आले नाहीत. मधल्या एका बंदरात उतरले होते म्हणे. परत चढले की नाही, कुणी पाहिलं नव्हतं.

आता नोव्हेंबर. आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या हॉटेलात वर अकरा नंबरच्या खोलीत आई रोज दुपारी बाराला ताट ठेवायची. झाकण रोज ओलं व्हायचं. आई ते मला दाखवायची आणि खाली येऊन चादरी बदलायला घ्यायची, गुणगुणत.


अकरा, पुन्हा

वरचं अर्धवट सांगितलं. ताट कुठे ठेवायचं, ते राहिलं.

त्या माणसाच्या नेहमीच्या जागी. बाबांची जागा काउंटरमागे, किल्ल्यांच्या फळीखाली. तिथेच उभ्याने जेवायचे. पण काउंटरवर ताट ठेवलं तर येणारा-जाणारा डोकावणार. मग आईने हॉटेलवालीच्या डोक्याने विचार केला. अकरा नंबर रिकामी पडलीय ना, मग झालं.

ती रिकामी का होती? तर मागच्या हिवाळ्यात तिथले भाडेकरू सेनबासान वारले. लाकडाच्या गिरणीतले. बायको नाही, भाऊ नाही, गाव कोणतं ते कधी बोलले नाहीत. अस्थी न्यायला कुणी आलं नाही. त्यानंतर ती खोली कुणी घेईना.

आईला हे माहीत नव्हतं असं नाही. गादी तिनेच जाळली होती. पण रिकामी जागा वाया घालवणं तिला जमत नसे.


बारा

बारा नंबरमध्ये तोगाशी. टॅकोमाहून येऊन महिना झालेला, रात्रपाळीचा माणूस. दुपारी दोनला डोळे चोळत खाली आला.

"वहिनी, त्याला औषध तरी द्या, नाहीतर मला खोली बदलून द्या."

"कुणाला?"

"अकरावाल्याला. जेवला रे जेवला की अर्धा तास खोकतो. मी झोपायचं कधी?"

"अकरात कोणी नाही राहत."

"मग खोलीला सर्दी झाली असेल! बाहेर पाटी लावा, 'येथे फुकट खोकण्याची सोय आहे.'"

मी हसले. आई हसली नाही.

"कसा खोकतो?"

तोगाशीने नक्कल केली. तीन बारीक, मग एक लांब, शेवटी शीळ वाजल्यासारखा श्वास.

आईच्या हातातली चादर अर्धी घडी होऊन तशीच राहिली. बाबांना कधी खोकला नव्हता. हा खोकला मागचा आख्खा हिवाळा आम्ही ऐकला होता.

"किनु," तोगाशी गेल्यावर ती म्हणाली, "सात महिने मी कुणाला जेवू घालतेय गं?"


काउंटर

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला आईने ताट काउंटरवर मांडलं. भात, लोणचं, खारवलेला मासा, सूप. वाडग्यावर झाकण.

"आज त्यांच्याच जागी ठेवलंय. आज कळेल."

"कशाला कळायला हवं? वर ओलं होतं ना रोज?"

"ते यांचं नव्हतं."

तेवढ्यात मागच्या दाराला धोबी आला आणि ती चादरी मोजून घ्यायला गेली.

मी झाकण उचललं. सुपाची वाफ थेट तोंडावर आली, डोळे मिटले इतकी. झाकणाची आतली बाजू कोरडी होती. लाल, गुळगुळीत, आत्ताच पुसून ठेवल्यासारखी. परत ठेवलं. शंभरापर्यंत मोजलं. उचललं.

कोरडं.

मागे आई धोब्याला म्हणत होती, "ही उशीची खोळ आमची नाही, बाबा. आमच्यावर शिक्का असतो."

मी सुपात बोटं बुडवली. चटका बसला. झाकणाला आतून चार-पाच थेंब लावले आणि ते वाडग्यावर ठेवून दिलं.

आई हात पुसत आली.

"ओलं आहे," मी म्हणाले.

तिने अजून हातही लावला नव्हता.

झाकण उचलून तिने खिडकीच्या उजेडात धरलं. बराच वेळ पाहिलं. मग एक थेंब बोटावर घेतला, जिभेला लावला.

"आई, ओलं आहे ना?"

"उद्या देवळात जा. भिक्षूंना बाबांचं नाव लिहून दे. कधी गेले ते माहीत नाही म्हणावं, श्राद्धाला तुम्हीच एक दिवस धरा."

"पण थेंब..."

"वाफ खारट नसते, बाळ."

माझी भाजलेली बोटं तिने हातात घेतली, फुंकर घातली. दोघी तशाच उभ्या राहिलो. साडेबारा झाले.

वर एक दार उघडलं. पावलं आली, सावकाश, जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत, आणि थांबली. तोगाशी समोर न्हाव्याकडे बसला होता; तोंडाला साबण लावलेला, काचेतून स्वच्छ दिसत होता. बाकी भाडेकरू कामावर.

वरची एक पायरी करकरली.

आईने डोळे पुसले. झाकण वाडग्यावर ठेवलं, ताट उचललं आणि गिऱ्हाइकांशी बोलते त्याच आवाजात वर सांगितलं,

"आणते हो, सेनबासान. आज जरा उशीरच झाला."