तेवीस जणींचं सांगणं

मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या त्या दवाखान्यात सिस्टर सोळा वर्षं होत्या. इंजेक्शनं द्यायची, घाबरलेलीचा हात धरून उभं राहायचं, नवऱ्यांना समजावायचं, सगळं त्यांच्याच गळ्यात. दुपारी रक्ताचे रिपोर्ट आले की फोनही त्याच करायच्या. दिवस राहिले असले तर डॉक्टरबाई हौसेने स्वतः फोन लावत. उरलेले सिस्टरांचे.

असाच एका शिक्षिकेला त्यांनी फोन केला. "या वेळी नाही झालं हो," त्या म्हणाल्या. पलीकडून नुसतं "बरं" आलं, आणि मागून मुलांचा गलका. बाई भर वर्गात उभ्या होत्या. बोलायला मोकळ्या आहात का, एवढंही सिस्टरांनी विचारलं नव्हतं. त्या बाई परत दवाखान्यात आल्याच नाहीत.

सिस्टरांच्या जिवाला ते लागून राहिलं. ही बातमी बायकांना कुठे, कुणासमोर कळते, पुढचे दिवस कसे जातात, हे रीतसर विचारून लिहून काढायचं त्यांनी ठरवलं.

"कल्पना छान आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण सिस्टर, तुम्ही संशोधन करणार आणि इंजेक्शनं मी देणार की काय?"

संशोधनाला परवानगी देणाऱ्या वरच्या समितीकडे तर घोडंच अडलं. मुख्य संशोधक डॉक्टरच हवा, असा नियम. डॉक्टरबाईंची सही मिळून परवानगी यायला सात महिने गेले. कामाच्या वेळातला एक तासही मिळणार नव्हता.

लॅबमधले तंत्रज्ञ भाऊ तेवढे पाठीशी उभे राहिले. डबा खाता खाता त्यांनी प्रश्नावली नीट करून दिली. "ताई, एका प्रश्नात तीन प्रश्न कोंबू नका. माझी बायको विचारते तसं होतंय हे." घरी सासूबाईंनी संध्याकाळचं स्वयंपाकघर अंगावर घेतलं. "तू तुझं लिही. माझंही दोनदा पोटातलं गेलं होतं. कुणी विचारलं नाही कधी," त्या म्हणाल्या. सिस्टरांच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. त्यांना हे तेव्हा कळलं.

एकेचाळीस जणी तयार झाल्या. चादरी ठेवायच्या खोलीत दोन खुर्च्या टाकून, जेवणाच्या सुट्टीत सिस्टर ऐकत. फोन आला तेव्हा कुणी बँकेच्या रांगेत होती, कुणी नणंदेच्या डोहाळजेवणात. एकीने फोन ठेवून पाहुण्यांना हसतमुखाने वाढलं होतं.

नववी बाई म्हणाली, "तो फोन तुमचाच होता, सिस्टर. अजून दवाखान्यात तुमचा आवाज ऐकला की मी बाहेर जाऊन उभी राहते."

सिस्टरांचं पेन थांबलं. "मग माझ्याशी बोलायला का आलात?"

"तुम्हालाच सांगायचं होतं म्हणून."

ते वाक्य त्यांनी जसंच्या तसं लिहून घेतलं. मग मोरीत जाऊन तोंड धुतलं आणि इंजेक्शनच्या खोलीत गेल्या.

तेवीस झाल्या आणि माशी शिंकली. दोन नर्सनी नोकरी सोडली, जेवणाची सुट्टीही कामात जाऊ लागली. त्यातच व्यवस्थापकांच्या कानावर प्रश्नावली गेली. "हे बाहेर गेलं तर पेशंट बिचकतील," ते म्हणाले. डॉक्टरबाईंनी सिस्टरांची बाजू घेतली नाही. काम बंद झालं.

राहिलेल्या अठरा जणींना कळवणं भाग होतं. सिस्टरांनी सुट्टीच्या दिवशी घरून फोन केले. प्रत्येकीला आधी विचारलं, आत्ता बोलू का. बऱ्याच जणी "असू दे हो" म्हणाल्या. एक मात्र हसली. "म्हणजे यातही माझा रिपोर्ट निगेटिव्हच का?"

सिस्टर खुर्ची ओढून बसल्या.

"मी सगळं आठवून ठेवलं होतं," ती म्हणाली. आता तिचा आवाज ओला होता.

"आता मला ते अहवालात लिहिता येणार नाही," सिस्टर म्हणाल्या. "पण सांगा. मी ऐकते."

ती पाऊण तास बोलली. सासूबाईंनी मध्येच येऊन दार हलकेच लोटून घेतलं.

भाऊंच्या मदतीने सिस्टरांनी तेवीस जणींचा अहवाल पुरा करून, दवाखान्याचं नाव न घालता, एका वैद्यकीय नियतकालिकाला पाठवला. तो दोन ओळींच्या पत्रासह परत आला. विषय महत्त्वाचा आहे, पण संख्या अपुरी आहे.