मागच्या चाकांमधला दांडा

मित्रांनो, मी एक जुना पोलादी दांडा आहे. मोटारीच्या पोटाखाली, मागच्या दोन चाकांच्या मध्ये मी आडवा बसवलेला असतो. तुम्ही मला कधी पाहिले असण्याचा संभव कमीच. लोक गाडीचा रंग पाहतात, दिवे पाहतात. खाली वाकून माझ्याकडे पाहणारे मला आयुष्यात चारच भेटले, आणि त्यांतला एक कोंबडीच्या मागे लागलेला कुत्रा होता. म्हणून माझी हकिगत सांगण्याजोगी आहे का, याचीच मला शंका वाटते. तरी सांगतो. कारण तिच्यात माझा थोडा अपराध आहे.

माझा जन्म ब्राझीलमधल्या साओ पावलोजवळच्या एका कारखान्यात झाला. मला लालबुंद तापवले, दोन्ही टोके वाकवली आणि तेलात बुडवले. त्या चटक्याने मला माझा स्वभाव मिळाला. मी पिळला जातो, पण पुन्हा सरळ होतो. माझे काम समजायला अवघड नाही. गाडी वळणावर कलू लागली की बाहेरचे चाक दाबले जाते. तेव्हा मी आतल्या चाकालाही वर ओढून धरतो आणि गाडी सपाट राहते. सरळ रस्त्यावर मला काहीच काम नसते.

माझी पहिली गाडी एका गुरांच्या डॉक्टरची होती. तिच्या खाली मी अकरा वर्षे चिखल खाल्ला. ती मोडीत निघाली, तेव्हा मीही तिच्यासोबत मिनास प्रांतातल्या डोंगरांत, पेद्रा मान्सा गावच्या भंगारवाल्याच्या आवारात येऊन पडलो. माझ्यावर कृष्णफळाचा वेल चढला. मला वाटले, संपले.

एके दिवशी वेल बाजूला सारून कोणीतरी मला मोजले. "बावीस मिलिमीटर!" तो ओरडला. "माझ्या गाडीत चौदाचा आहे, काडी नुसती!"

तो एव्हेराल्दो. सव्वीस वर्षांचा, सिमेंटच्या दुकानात कामाला, आणि गाड्या बुटक्या करणाऱ्या मंडळातला. या मंडळींची एक ठरलेली रीत आहे. चाक आणि त्यावरची पत्र्याची कमान यांच्यात आडवी बोटे धरून उंची मोजायची. चार बोटे मावली तर म्हातारीची गाडी. दोन बोटे मावली तर गडी खरा. एव्हेराल्दोला दोन बोटे हवी होती, तीही जुलैच्या मिरवणुकीआधी. त्या दिवशी गावातल्या सगळ्या गाड्या ओळीने, गाडीवाल्यांचा राखणदार मानलेल्या संत क्रिस्तोफरच्या देवळासमोरून जातात आणि पाद्री त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. यंदा मिरवणुकीच्या पुढे निशाण धरायचा मान त्याच्या वडिलांचा होता. ओझोरियो त्यांचे नाव. एक्केचाळीस वर्षे त्यांनी गावच्या घाटात ट्रक चालवला आणि एक ओरखडासुद्धा उठू दिला नाही. निशाण घेऊन ते मुलाच्याच गाडीत बसणार होते.

बुटक्या गाडीसाठी मुद्दाम घडवलेल्या स्प्रिंगा मिळतात. लांबीला कमी, ताकदीला जास्त, आणि चाक हवेत लोंबले तरी आपल्या जागेवरून न हलणाऱ्या. त्या शहरातून यायला महिना लागणार होता. एव्हेराल्दोला धीर कुठला? त्याने गाडीच्या मूळच्याच स्प्रिंगा काढल्या आणि ग्राइंडरने त्यांचे दोन-दोन वेढे कापून टाकले.

गॅरेजवाले अनाक्लेतोकाका नेमके तेव्हा तिथे आले. "काय हे, एव्हेराल्दो? शेपटी कापली तर पालीला सुद्धा दुसरी उगवते. स्प्रिंग नाही उगवत."

"काका, गाडी खाली बसली बघा कशी! मुंगीला सुद्धा वाकून जावं लागेल खालून."

"उभी आहे तोवर बसेल रे. चाक लोंबलं की ही स्प्रिंग निसटणार. वर हा एवढा जाड दांडा मागे घालतोयस. तो आतलं चाक उचलणारच, त्याचं कामच ते आहे."

"तुमच्या काळात ठीक होतं, काका."

"माझ्या काळातही मूर्ख होते," असे म्हणून काका निघून गेले.

खरे सांगतो, मला तेव्हा काकांचा राग आला. किती वर्षांनी मला कोणी घासले होते, काळा रंग दिला होता! मंडळाच्या मेळाव्यात पोरे जमिनीवर आडवी होऊन बोटे मोजू लागली, शिट्ट्या वाजवू लागली. माझे नाव कोणी घेतले नाही, तरी मी सुखावलो. स्तुती शेजाऱ्याची असली तरी आपल्यालाही ऊब देते.

मिरवणुकीच्या सकाळी घाटावरच्या घरून आम्ही निघालो. पुढे एव्हेराल्दोची आई झुल्मिरा, मांडीवर मक्याच्या केकचे भांडे घेऊन. मागे ओझोरियो. निशाणाची काठी त्यांनी खिडकीतून बाहेर काढली होती.

"गाडी घेतलीस की गालिचा?" बसता बसता ते म्हणाले. "आत बसायचं तर गुडघे कानाला लागतात."

"बाबा, हसू नका. वळण येऊ द्या. कलतच नाही बघा आता."

"बघितली हो मी वळणं. तुझ्या जन्माआधीपासून बघतोय."

"अहो, एकदा दाखवू द्या ना त्याला काय दाखवायचं ते," आई म्हणाली. "पण सावकाश रे. केक आहे."

पहिले वळण त्याने वेगात घेतले. गाडी खरोखर कलली नाही. ओझोरियो काहीतरी पुटपुटले; मला वाटते, ते कौतुकच होते. दुसरे वळण त्याने आणखी वेगात घेतले. बाहेरचे चाक दाबले गेले आणि मी सर्व शक्तीने आतले चाक वर ओढले. माझ्या घडणीतच ते आहे. आतल्या बाजूची कापलेली स्प्रिंग सैल झाली, आपल्या वाटीतून निसटली आणि खणखणत रस्त्यावर पडली. वळण संपले. चाक खाली आले ते आधाराशिवाय. टायर पत्र्याला घासला, गाडीचे मागचे अंग भेलकांडले आणि आम्ही तांबड्या मातीच्या दरडीवर आदळलो. ज्या बाजूला ओझोरियो बसले होते, तीच बाजू.

ते वाचले. पण त्यांच्या मांडीचे हाड मोडले होते. त्यांना बाहेर काढेपर्यंत ते निशाणाची काठी हातातून सोडत नव्हते. त्या वर्षी मिरवणूक निशाणाशिवायच गेली असे मी नंतर ऐकले.

ओझोरियो मुलाला एका शब्दाने बोलले नाहीत. ते नुसते त्याच्याबरोबर बसेनासे झाले. इस्पितळातून घरी जातानासुद्धा त्यांनी शेजाऱ्याची गाडी मागवली. नंतर ते काठी टेकत बसच्या थांब्यापर्यंत जायचे. एव्हेराल्दो दुकानाच्या मालकाची गाडी घेऊन मागून जाई आणि काच खाली करून म्हणे, "बाबा, बसा ना." ते म्हणायचे, "येईल बस आता." बस यायला कधी कधी तास लागत असे.

आमची गाडी पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिली. वर्षभर कोंबड्या माझ्यावर बसत. तेव्हा मला विचार करायला पुष्कळ वेळ मिळाला. मी माझे काम चोख केले होते आणि त्या चोख कामानेच एका माणसाची मांडी मोडली. याला अपराध म्हणावे की नाही, हे मला आजही नीट कळलेले नाही.

मग एके दिवशी एव्हेराल्दोने गाडी ओढत अनाक्लेतोकाकांकडे नेली. "काका, तुम्ही सांगाल तसं. मी फक्त पाने उचलून देतो."

काकांनी टोमणा मारला नाही. शहरातून अख्ख्या, घडवलेल्या स्प्रिंगा आल्या आणि त्यांना शोभतील असे आखूड शॉक ॲब्सॉर्बर आले. मी मागे एकटाच जाड होतो, म्हणून पुढच्या चाकांनाही माझ्या जोडीचा दांडा मिळाला. मला धरून ठेवणारी झिजलेली रबरे बदलली. उंची तीन बोटे राहिली. मंडळातला एक जण येऊन नाक मुरडून गेला. एव्हेराल्दोने मान वर केली नाही.

त्या आठवड्यात ओझोरियो रोज बसने यायचे आणि गॅरेजच्या पायरीवर बसायचे. कॉफी प्यायचे. काम बघत राहायचे.

शेवटच्या दिवशी काका म्हणाले, "आता रबरांचे नट आवळायचे. गाडी जॅकवर असताना आवळलेस तर रबर पिळलेलंच राहतं. ती चाकांवर उभी पाहिजे, आणि घरची माणसं बसतात तेवढं वजन आत पाहिजे. वाळूची पोती आण."

एव्हेराल्दोने पोती आणली. एक चालकाच्या जागी ठेवले, एक आईच्या जागी. तिसरे उचलून तो मागच्या दारापाशी गेला आणि तिथेच थबकला. त्या बाजूचा नवा पत्रा अजून रंगवलेला नव्हता.

पायरीवरून आवाज आला, "किती किलोचं आहे ते?"

"पन्नास, बाबा."

"माझं वजन ब्याऐंशी. चुकीचं आवळशील." ओझोरियो उठले. काठी भिंतीला टेकवली. मुलाच्या खांद्याला धरून, मोडलेला पाय आधी आत घेऊन, ते सावकाश आपल्या जुन्या जागी बसले. "बघतोस काय? ठेव पोतं खाली. आवळ."

एव्हेराल्दो गॅरेजच्या खड्ड्यात उतरून गाडीखाली आला. त्याचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता. डोळ्यांतले पाणी कानाकडे ओघळत होते आणि त्याला ते पुसता येत नव्हते, कारण दोन्ही हात पान्यावर होते. वरून ब्याऐंशी किलो माझ्यावर शांतपणे टेकले होते. इतके चांगले ओझे मी कधी वाहिले नव्हते.

मित्रांनो, मी उपदेश करावा एवढा शहाणा नाही. पण तुम्ही मोठे होऊन काही ना काही घडवाल, दुरुस्त कराल. ते दिसायला देखणे करा, माझी हरकत नाही. डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांचीही विचारपूस करा. आणि शेवटचा नट आवळण्यापूर्वी, ज्याला त्यात बसायचे आहे त्याला आधी आत बसवा.