रिकामं भांडं

मिक्सर बिघडला की आपण काय करतो? दुरुस्तीवाल्याकडे नेतो, "पातं मिळत नाही, नवाच घ्या" असं ऐकून परत येतो, आणि मग कोणीतरी सोपी वाट सांगतं. मिसरोदच्या निखिल बोधनकरला ती गोविंदपुऱ्यातल्या त्याच्या कारखान्यात मिळाली. चहा पिता पिता सहकारी म्हणाला, "नया उठा, जो चाहिए निकाल, रिटर्न मार दे. कौन खोलके देखता है?"

निखिलनं तसंच केलं. जवाहर चौकातल्या दुकानातून त्याच कंपनीचा मिक्सर आणला. ओट्यावर ठेवून चटणीच्या भांड्याचं पातं काढलं, जुन्या भांड्यात बसवलं. नव्या रिकाम्या भांड्याला झाकण लावलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलं, खोकं चिकटवलं. भीती वाटली नाही, लाजही वाटली नाही. खरं तर काहीच वाटलं नाही. वाहता नळ बंद करावा, तसं ते काम झालं.

"नाही आवडला?" आईनं, लीलावतीबाईंनी विचारलं.

"आवाज फार करतो."

"बरं. जातोच आहेस तर मालतीला एवढा डबा दे. डिंकाचे लाडू आहेत."

मालती वानखेडे त्याच दुकानात, परत आलेला माल तपासून घ्यायच्या काउंटरवर होती. दोन्ही घरं मूळची नागपूरकडची, या हिंदी मुलखात ओळख झाली ती गणेशोत्सवात. खोकं उघडायचं, एकेक वस्तू बाहेर काढून बघायची आणि मगच सही करायची, असा दुकानाचा नियम होता. निखिलला बघून ती हसली.

"निखिलभाऊ! अहो, आपल्या माणसाचं खोकं काय उघडायचं?"

तिनं सही केली. डबा ठेवून घेतला. निखिल घरी आला आणि जेवला.

पुढच्या आठवड्यात मालती डबा परत करायला घरी आली. निखिल टीव्हीसमोर बसला होता.

"आज दुकानाला सुट्टी?" लीलावतीबाईंनी विचारलं.

"नोकरीच सुटली, काकू." तिचा आवाज सपाट होता. "परत आलेला एक मिक्सर सेठजींनी पुन्हा विकला. चटणीच्या भांड्यात पातंच नव्हतं. गिऱ्हाईक ओरडत आलं, 'चटनी क्या उँगली से पीसूँ?' कागदावर सही माझी. सेठजी म्हणाले, या तो तुमने देखा नहीं, या तुमने निकाला."

"अगं, पण तू तर सगळं तपासतेस!"

"सगळी खोकी उघडली होती. एक सोडून." तिनं निखिलकडे पाहिलं नाही. "आता चोर म्हणून काढलंय, तर दुसऱ्या दुकानात कोण ठेवणार? आणि लेकीचं, सईचं, बारावीचं वर्ष."

"मग कोणाचं होतं ते का नाही सांगितलंस?"

"आपल्या माणसाचं नाव कसं घ्यायचं, काकू?"

लीलावतीबाईंनी डबा उघडला. आत लिंबं होती.

"काम गेलं आणि हे कशाला गं आणलंस?"

"डबा रिकामा कसा देऊ?"

ती गेल्यावर लीलावतीबाईंनी टीव्ही बंद केला.

"पातं कुठून आणलंस, निखिल?"

"आई, सगळेच करतात. नुकसान कंपनी भरते."

"कंपनी! आत्ता इथून उठून गेली, ती कोण होती?"

निखिलनं दाराकडे पाहिलं.

"शेजारच्या वाटीतसुद्धा चिमूटभर साखर घालून पाठवतो आपण. नोकरी गेलेल्या बाईनं डबा भरून आणला. आणि तू भांडं रिकामं करून दिलंस! तेही तिच्याच हातात!"

"मला तेव्हा काही वाटलंच नाही, आई."

"त्याचीच भीती वाटते मला. वाटलं असतं, तर हात थांबला असता."

निखिल उठला. जुन्या भांड्यातलं पातं काढलं, धुतलं, पुसलं आणि जवाहर चौकात गेला. सेठजींसमोर पातं ठेवून त्यानं सगळं सांगितलं. काउंटरवरची माणसं ऐकत होती. "अब बता रहे हैं आप?" एवढंच म्हणून सेठजींनी मालतीला फोन लावला.

मालती पुन्हा कामावर आली. गोष्ट इथं संपली असती, तर बरं झालं असतं.

काही महिन्यांनी निखिल एक इस्त्री परत करायला गेला. ती खरोखरच तापत नव्हती. मालती "या" म्हणाली. भाऊ म्हणाली नाही. तिनं कात्रीनं चिकटपट्टी कापली, इस्त्री बाहेर काढली, उलटी करून पाहिली, वायर हातानं चाचपली, खोक्याचा तळ बघितला. मागे रांगेत लोक उभे होते.

"उघडून बघावं लागतं," ती म्हणाली. "सगळ्यांचंच."

इतके दिवस ज्याला काही वाटत नव्हतं, त्याला तेव्हा वाटलं! मान वर करवेना.

वाचकहो, दुकानातून आलेल्या खोक्यातला एखादा लहानसा भाग आपण काढून घेतो, तेव्हा त्याची भरपाई काउंटरपलीकडचं माणूस आपल्या अब्रूनं करतं. शेजारणीचं भांडं रिकामं पाठवू नये, हे आपल्याला घरात शिकवलेलं असतं. ती रीत उंबऱ्याबाहेरही पाळू या. काढलेलं पातं परत देता येतं. विश्वासानं न उघडता ठेवून घेतलेलं खोकं मात्र पुन्हा कोणी तसं ठेवून घेत नाही.