अंबुअक्काच्या मळ्यातला फेस

तलावाकाठी त्या सकाळी एवढी गर्दी लोटली की मला बियाण्यांचं दुकान बंद करावं लागलं. गिऱ्हाईक उरलंच नव्हतं, अख्खं बेळ्ळंदूर गाव मृत्तिकानंद स्वामींच्या पायाशी! साल सत्तावन्न. तिकडं माणसानं आकाशात उपग्रह सोडला होता, आणि आमच्याकडं माती रागावली होती.

ती रागावली हे ओळखायची स्वामींची रीत मोठी सोपी. मातीच्या ढेकळावर चिमूटभर विभूती टाकायची, वर कमंडलूतलं तीर्थ ओतायचं. ढेकूळ फसफसायला लागलं की संपलंच!

"भूमाता फेस काढतेय! वरची हातभर माती शापित. ती गावाबाहेर घालवा. खालची माती शुद्ध, पवित्र!"

आणि काय ती दूरदृष्टी! शाप वाहून न्यायला एका वीटभट्टीवाल्या भक्ताच्या चार बैलगाड्या आधीच चिंचेखाली जुंपून तयार. भाडंसुद्धा मागत नव्हता बिचारा.

शेजारच्या गुंडूरावांनी आपल्या शेतातली माती दोन महिन्यांपूर्वीच देऊन टाकली होती. उरलेल्या मुरमात त्यांनी मेथी पेरली. ती बोटभर वर आली आणि पिवळी पडून बसली. स्वामी म्हणाले, शाप खोल गेलाय, अजून हातभर काढा. धन्य! बी माझ्याच दुकानातलं होतं, खोट मुरमात आहे हे मला कळत होतं, पण मीही तोंड शिवून बसलो. भक्तांना बी विकायचं होतं ना मला.

त्या दिवशी पाळी अंबुअक्काच्या तलावाकाठच्या मळ्याची. विधवा बाई, पालक-कोथिंबीर शहरात विकून पोट भरणारी. दर उन्हाळ्यात तलाव आटला की ती तळाचा गाळ टोपलीनं डोक्यावरून आणायची. वीस वर्षं गाळ, शेण, पाचोळा घालून तिनं ती काळी माती केली होती. यंदा कोथिंबिरीला कीड लागली, तेवढं निमित्त झालं. गावानं ठरवलं, अक्काचा शाप आपल्याला भोवायच्या आत माती उचलायची. ती गेली की अक्का खाणार काय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

स्वामींनी विभूती टाकली, तीर्थ ओतलं. फस्स!

"अय्यय्यो!" गर्दी दोन पावलं मागं सरली. गडी फावडी घेऊन पुढं आले.

अक्का खाली वाकली. बोटावर फेस घेतला, हुंगला आणि चक्क चाटला.

"अगं, शाप चाटलास!" गुंडूराव किंचाळले.

"आंबट आहे," अक्का म्हणाली. "स्वामी, हा फेस मी रोज बघते. आमच्या विहिरीचं पाणी जड, तूरडाळ शिजता शिजत नाही. म्हणून चिमूटभर सोडा घालते. वर चिंचेचं पाणी ओतलं की सार असंच फसफसतं."

"मूढ स्त्री! तीर्थाची तुलना साराशी?"

"सरी, बरं, चुकलंच माझं. जरा हात पुढं करा."

स्वामींना वाटलं, आता पाया पडणार. त्यांनी विभूतीनं माखलेला तळवा पुढं केला. अक्कानं त्यांचाच कमंडलू उचलून त्यावर रिकामा करायला घेतला. तळवा उकळी आल्यासारखा फसफसला! राहिलेलं तीर्थ तिनं विभूती न लावलेल्या मातीवर ओतलं. माती निमूटपणे ते पिऊन गेली.

"विठोजीअण्णा," अक्का माझ्याकडं वळली, "शाप तर यांच्या हाताला निघाला. गाडीत काय घालायचं मग?"

आता गप्प बसलो असतो तर मीच मेलेला बरा. "स्वामींनाच घाला!" मी ओरडलो. पण त्यांना एकदम तपाची आठवण झाली होती. गाड्यांच्याही पुढं पळाले. मी पोटभर हसलो.

गुंडूराव मात्र बांधावर मटकन बसले. "अक्का, माझी माती परत येईल का गं?"

"येईल की. गाळ घाला, शेण घाला, पाचोळा घाला. तुमच्या नातवाला चांगली मेथी खायला मिळेल."

गुंडूरावांच्या नातवाचं तेव्हा बारसंही झालं नव्हतं.

विभूतीत सोडा, तीर्थात चिंच, एवढाच तो चमत्कार! गुंडूरावांची माती आता भाजून कुणाच्या तरी घराच्या भिंतीत बसली आहे, आणि भिंतीवर मेथी उगवत नाही, बाबांनो. कीड लागली तर पान उलटून बघा, मातीला हात लावा, जाणत्याला विचारा. आणि कुणी तुमच्या मातीत शाप दाखवायला आलाच, तर आधी त्याला हात धुवायला लावा.